गाडीकडे तोंड करून चाला



आज आम्ही तुमच्यापुढे चालण्यावर बोलणार आहोत. हे ऐकून काही जणांना हसू येईल. चालायचे काय शिकायचे? मूल वर्षाचे झाले की चालू लागते. शेतावर, बाजाराला, देवाला आपण जन्मभर पायीच गेलो. पंढरीची वाट पायी तुडवली. आणि आता मुंबईच्या माणसांनी आम्हाला चालणे शिकवावे?

तुमचे हसणे बरोबर आहे. आमच्या लालबागच्या शेजारी आलेले एक आबाही असेच हसले होते. आधी त्यांची गोष्ट ऐका.

आबा सातारा जिल्ह्यातले शेतकरी. मुलगा मुंबईत नोकरीला. आबांना थकवा येऊ लागला, म्हणून मुलाने त्यांना मुंबईला आणले. परळच्या दवाखान्यात रक्त तपासले. रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितले, "रोज अर्धा तास भराभर चाला."

आबा हसले. म्हणाले, "एवढंच ना? अर्धा तास काय, दोन तास चालतो की!"

दुसऱ्या दिवशी आबा पहाटे साडेचारला उठले. दिवस पौषातले. सवयीप्रमाणे त्यांनी अंगावर काळे घोंगडे घेतले. घरात कोणाला उठवले नाही. जिना उतरून ते डॉक्टर आंबेडकर रस्त्यावर आले. पदपथावर कोणी झोपले होते, कोणाच्या दुचाक्या उभ्या होत्या, पुढे खोदकाम होते. आबा रस्त्यावर उतरले. लहानपणी त्यांना शिकवले होते, रस्त्याच्या डाव्या बाजूने चालावे. म्हणून ते डाव्या कडेने चालू लागले.

मागून एक टेम्पो आला. त्याचा आरसा आबांच्या कोपराला लागला. आबा कोलमडले. दैव बरे, म्हणून पदपथाच्या बाजूला पडले. टेम्पो थांबलासुद्धा नाही. पहाटे वर्तमानपत्रे लावणारी मुले धावत आली. त्यांनी विचारले, "आजोबा, राहता कुठं?" आबा म्हणाले, "पोराच्या घरी." चाळीचे नाव त्यांना आठवेना. खिशात कागद नाही, मुलाचा फोन नंबर नाही. अर्धा तास तसाच गेला. शेवटी आमच्या चाळीत येणाऱ्या दूधवाल्याने त्यांना ओळखले आणि घरी आणले.

हाड मोडले नव्हते. मुका मार होता. आम्ही भेटायला गेलो. सूनबाईंचे डोळे रडून लाल झाले होते. त्या म्हणाल्या, "आता मामंजींना एकट्याला बाहेर पाठवायचंच नाही." पण आबांनी सांगितले, "तसं नाही सूनबाई. चालणं सोडलं तर साखर खाईल मला. चालायचं तर आहेच. पण चूक माझ्या ध्यानात आली. गावाकडं बैल मारका असला, तर आपण त्याच्याकडं पाठ करत नाही. हितं सगळ्याच गाड्या मारक्या, अन् मी त्यांच्याकडं पाठ करून चाललो."

मंडळी, आमचे सारे भाषण आबांच्या या बोलण्यात आले. मारक्या बैलाकडे पाठ करू नये. गाडीकडे पाठ करू नये.

आता हे नीट समजून घेऊ.

आपल्या देशात गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. हा नियम गाड्यांचा आहे. पायी माणूसही डाव्या कडेने चालला, तर त्याच्या बाजूची गाडी मागून येते. ती त्याला दिसत नाही. तोच माणूस उजव्या कडेने चालला, तर जवळची गाडी समोरून येते. ती दुरून दिसते. ती वाकडीतिकडी आली, तर बाजूला उडी मारता येते.

म्हणून पदपथ असेल तर पदपथानेच चालावे. पदपथ नसेल, तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून चालावे. मुंबईच्या मोठ्या रस्त्यांना मध्ये दुभाजक असतो. त्या दुभाजकाच्या कडेने कधीही चालू नये. ज्या बाजूच्या गाड्या समोरून येतात, त्या बाजूच्या बाहेरच्या कडेने चालावे. चौघे असाल तर एकामागे एक चालावे. गप्पा मारत आडवी रांग धरू नये. अधूनमधून मागेही बघावे, कारण उलट्या दिशेने दुचाकी दामटणारे वीर सगळीकडे असतात.

तुम्ही म्हणाल, गाडीवाल्याला दिसते की! तो थांबेल. जरा हिशेब करू. तासाला 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 14 मीटर जाते. गाडीवाल्याला माणूस दिसला, त्याने पाय उचलून ब्रेकवर ठेवला, यात एक सेकंद सहज जातो. म्हणजे आपण "अरे" म्हणेपर्यंत गाडी एसटीच्या अख्ख्या बसच्या लांबीहून जास्त पुढे आलेली असते. मग ब्रेक लागतो. तरी गाडी जागच्या जागी थांबत नाही. कोरड्या रस्त्यावरही जवळजवळ तेवढेच अंतर ती आणखी घसटत जाते. रस्ता ओला असेल तर त्याहून जास्त.

शिवाय आधी माणूस दिसला पाहिजे. अंधारात काळे घोंगडे दिसत नाही. पांढरे कापड दुरून दिसते. आपले जुने लोक पांढरे धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी घालत. पहाटेच्या रस्त्यावर तो वेष फार चांगला. आज आपली मुले काळी विजार आणि काळा सदरा घालून धावायला जातात. त्यांना सांगा, पांढरे किंवा पिवळे घाला. दिव्याच्या उजेडात चमकणारी पट्टी बाजारात मिळते. ती पाठीवर आणि पायांवर लावा. हातात विजेरी ठेवा.

आणखी एक. कानात फोनची बोंडे घालून गाणी ऐकत चालू नका. मागची गाडी डोळ्यांना दिसत नाही, ती कानांना कळते. ते कानही बंद केले, तर उरले काय?

आता रिकाम्या रस्त्याविषयी. पहाटे रस्ता रिकामा असतो, म्हणून आपल्याला निर्धास्त वाटते. येथेच माणूस फसतो. एके काळी परळ-लालबागचा सकाळचा रस्ता माणसांचा होता. गिरणीचा भोंगा वाजला की पाळीचे कामगार लोंढ्याने पायी निघत. 1982 साली गिरण्यांचा मोठा संप झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. भोंगा गेला, माणसांचा तो लोंढा गेला, गाड्या वाढल्या. दिवसा या गाड्या गर्दीमुळे मुंगीच्या पायाने चालतात. पहाटे रस्ता मोकळा मिळाला की त्याच गाड्या वारा प्यायल्यासारख्या सुटतात. कोणी रात्रभर जागून घरी चाललेला असतो, कोणी दारू प्यायलेला असतो.

19 मार्च 2023 ची गोष्ट. रविवारची सकाळ होती. वरळीच्या समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यावर एक बाई धावत होत्या. धावण्याचा त्यांना चांगला सराव होता. लांब पल्ल्याच्या शर्यती त्यांनी पुऱ्या केल्या होत्या. एका भरधाव मोटारीने त्यांना धडक दिली आणि त्या गेल्या. मोटार चालवणाऱ्याला पोलिसांनी पकडले. पण गेलेला जीव परत आला नाही.

यात त्या बाईंची चूक काढणे बरोबर नाही. भरधाव गाडी हाकणाऱ्याचीच ती चूक. पण मंडळी, चूक गाडीवाल्याची असली तरी जीव आपला असतो. कायदा त्याला शिक्षा करील. आपले हातपाय मात्र आपणच जपले पाहिजेत.

म्हणून पहिली गोष्ट ही, की चालण्या-धावण्यासाठी गाड्यांपासून वेगळी जागा शोधावी. शोधली तर मुंबईतही ती सापडते. दादरला शिवाजी पार्क आहे. त्याच्या कट्ट्याची एक फेरी सुमारे 1200 मीटरची होते. परळला कामगार मैदान आहे, नरे पार्क आहे. भायखळ्याला राणीची बाग आहे. गिरगावला चौपाटी आहे आणि तेथून मरीन ड्राइव्हचा रुंद पदपथ सुरू होतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये नव्या सागरी किनारा रस्त्यालगत पायी फिरण्याची वेगळी वाटही खुली झाली. उड्डाणपुलावर मात्र पायी जाऊ नये. लालबागचा उड्डाणपूल 2011 साली गाड्यांसाठी बांधला. तेथे माणसाला अंग चोरायलाही जागा नाही.

आता गावाकडे येऊ. गावातही हाच प्रश्न आहे, आणि तो फार दुःखाचा झाला आहे. आपली मुले पोलीस भरतीसाठी, सैन्य भरतीसाठी पहाटे उठून पळतात. आईबापांना त्याचे कौतुक असते. पण मैदान नाही म्हणून मुले हमरस्त्यावर पळतात. 19 जानेवारी 2025 रोजी बीड-परळी रस्त्यावर असाच सराव करणारी 3 मुले एसटीच्या धडकेने गेली. त्याच वर्षी 7 ऑगस्टला गडचिरोली जिल्ह्यात काटली गावाजवळ पहाटे व्यायामाला गेलेल्या मुलांना ट्रकने चिरडले. 4 मुले दगावली. घरात चूल पेटायच्या आधी त्या घरांतले दिवे विझले.

आम्ही तुम्हाला विचारतो, भरतीची धाव हमरस्त्यावर होते का? नाही. ती मैदानावर होते. महाराष्ट्र पोलिसांच्या भरतीत मुलांना 1600 मीटर धावावे लागते. मुलींना 800 मीटर. 1600 मीटर म्हणजे 400 मीटरच्या मैदानाला चार फेऱ्या. त्याला हमरस्ता कशाला हवा? शाळेचे पटांगण आहे. माळरान आहे. पीक निघाल्यावर मोकळे रान आहे. दोरी घेऊन मोजा, चुन्याने रेघ आखा, झाले मैदान. दगडगोटे वेचायला दहा माणसे आणि एक सकाळ पुरे. शाळेच्या पटांगणाला कुलूप असेल, तर ग्रामसभेत उठून उभे राहा. सांगा, "पहाटे दोन तास आमच्या पोरांसाठी फाटक उघडं ठेवा." आता तुम्हाला लिहिता येते. तसा अर्ज लिहा आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. आंगठे नव्हे, सह्या!

पावसाळ्यात आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. 29 ऑगस्ट 2017 रोजी मुंबईत मुसळधार पाऊस झाला. परळ-प्रभादेवीकडे रस्ते पाण्याखाली गेले. एक नामांकित डॉक्टर गाडी सोडून घराकडे पायी निघाले. पाण्याखाली गटाराचे झाकण उघडे होते. ते आत पडले. दोन दिवसांनी त्यांचा देह वरळीच्या समुद्राकाठी मिळाला. एवढा शहाणा माणूस, पण गढूळ पाण्याखालचा खड्डा कोणाला दिसतो? म्हणून ज्या पाण्यात आपले पाऊल आपल्याला दिसत नाही, त्या पाण्यात व्यायामासाठी तर जाऊच नये. अडकलात, तर उंच जागी थांबा. निघणे भागच असेल, तर काठीने चाचपत, एकमेकांचा हात धरून चाला. गावच्या ओढ्यालाही हाच नियम. पुलावरून पाणी वाहत असेल तर पलीकडे जाऊ नका.

मरीन ड्राइव्हच्या कठड्यापलीकडे सिमेंटचे मोठे ठोकळे टाकले आहेत. ते लाटांचा जोर मोडण्यासाठी आहेत, माणसांनी बसण्यासाठी नव्हेत. त्यांवर शेवाळ असते. पाय घसरला तर माणूस फटीत अडकतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. कोकणातल्या मंडळींना हे सांगायला नकोच. पावसाळ्यातल्या उधाणाच्या वेळी कठड्याजवळ जाऊ नये. घरात चाला, जिना चढा-उतरा. एक दिवस फिरणे चुकले म्हणून काही बिघडत नाही.

बाहेरचे धोके सांगून झाले. आता आपल्या शरीराकडे वळू.

आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास भराभर चालणे बहुतेकांना पुरते. किती भराभर? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढे. दोन शब्द बोलतानाही धाप लागली, तर वेग कमी करा. पहिल्या दिवशी दहा मिनिटेच चाला. मग हळूहळू वाढवा. अति तेथे माती. आबांचे दोन तास आम्ही त्यामुळेच बंद केले.

छातीत दाटले, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम आला, तर तेथेच बसा आणि मदत मागा. "वारा धरला असेल" म्हणून चालत राहू नका.

साखरेची गोळी घेणाऱ्या माणसाची साखर कधी कधी फार उतरते. हातपाय थरथरतात, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून खिशात साखरेची पुडी ठेवावी. असे वाटले तर ती लगेच खावी आणि बसावे. अनवाणी चालू नये. साखरेच्या माणसाला पायाची जखम कळत नाही आणि ती लवकर भरतही नाही. घरी आल्यावर तळपाय रोज तपासावेत.

भर उन्हात चालू नये. हिवाळ्यात मुंबईत काही दिवस सकाळी धुरकट हवा असते. दमेकऱ्यांनी त्या दिवशी घरात व्यायाम करावा. बायांनी अंधारात एकटे न जाता दोघी-तिघींनी मिळून जावे. मंगळसूत्र पदराआड असावे, बाकी दागिने घरी. कुत्रे अंगावर आले तर पळू नये. उभे राहावे आणि हळूहळू मागे सरावे. चावलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यावे. पुढची इंजेक्शने चुकवू नयेत.

आता शेवटची गोष्ट, आणि ती तुमच्या हातची आहे. आबा पडले तेव्हा त्यांच्या खिशात एक कागद असता, तर ते पाच मिनिटांत घरी आले असते. आबांना तेव्हा लिहिता येत नव्हते. तुम्हाला आता येते. आज घरी गेल्यावर एक चिठ्ठी लिहा. चिठ्ठीत हे लिहा:

माझे नाव.
मी राहतो ते घर, चाळ आणि जवळची खूण.
माझे गाव, तालुका, जिल्हा.
घरच्या माणसाचा फोन नंबर.
मला कोणता आजार आहे आणि मी कोणती गोळी घेतो.

अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. वाचता आले म्हणजे झाले. ही चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या खिशात किंवा कमरेच्या पिशवीत ठेवा. आणि घरात सांगून निघा, "अमक्या वाटेनं चाललोय, इतक्या वाजता येतो."

रस्त्यात दुसरा कोणी पडलेला दिसला, तर त्याला टाकून जाऊ नका. 108 नंबरला फोन केला की रुग्णवाहिका येते. पोलिसांसाठी 112. पुष्कळ लोक भितात, की मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल. 2019 साली मोटार कायद्यात बदल झाला. चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर आता खटला होत नाही. त्याने आपले नाव सांगावे अशी सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. म्हणून निर्भयपणे हात द्या. वर्तमानपत्रे लावणाऱ्या त्या मुलांनी आबांना असाच हात दिला होता.

तर मंडळी, हे ध्यानात ठेवा:

गाडीकडे तोंड करून चाला.
पांढरे कपडे घाला. कान उघडे ठेवा.
रस्त्यापेक्षा मैदान बरे.
न दिसणाऱ्या पाण्यात पाय घालू नका.
खिशात चिठ्ठी ठेवा.

आबांचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. आबा दोन महिने मुंबईत राहिले. रोज उजाडल्यावर नातवाला बरोबर घेऊन ते कामगार मैदानावर जात. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी. साखर आटोक्यात आली. त्या दोन महिन्यांत नातवाने त्यांना अक्षरे शिकवली. गावी जायच्या दिवशी आबांनी आम्हाला आपली चिठ्ठी दाखवली. स्वतःच्या हाताने लिहिलेली. अक्षरे मोठी मोठी होती, ओळ जरा वर चढली होती. आम्ही ती मोठ्याने वाचली. नाव, गाव, तालुका, जिल्हा, मुलाचा नंबर, गोळीचे नाव, सगळे बरोबर होते.

आबा म्हणाले, "आता कुठंबी पडलो तरी हरवायचा न्हाई."

आम्ही म्हटलं, "आबा, पडूच नका. गाडीकडं तोंड ठेवा."

तुम्हालाही आमचे तेच सांगणे आहे. चालत राहा, जपून चाला आणि धडधाकट घरी या. नमस्कार.